रिग्गईच्या छज्ज्याखालचे चार खांब

जे घडलं ते आधी थोडक्यात.

१. फेब्रुवारीत मी ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर कुवेतला गेले.
२. रिग्गई भागातल्या एका शाळेच्या अंगणावर काँक्रीटचा मोठा छज्जा आहे. त्याखालचे चार खांब काढता येतील का, एवढंच सांगायचं होतं.
३. सकाळी तपासलं तेव्हा काढता येतील असं दिसलं.
४. दुपारी तपासलं तेव्हा तसं दिसलं नाही.
५. खांब आहेत तिथेच राहणार आहेत.
६. हा छज्जा १९९० मध्ये माझ्या वडिलांच्या देखरेखीखाली ओतला गेला. दुसऱ्या दिवशी इराकी रणगाडे शहरात आले. छज्ज्याला पाणी मारायला कोणी राहिलं नाही.

आता सविस्तर. कुवेतला जायचा विचार असेल तर रस्ते, जेवण आणि खर्च मधेमधे येतीलच.

मी पुण्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. आमचं ऑफिस आखाती देशांतल्या कन्सल्टंट कंपन्यांना गणितं आणि ड्रॉइंग करून देतं. डिसेंबरमध्ये कुवेतच्या काही शाळांच्या नूतनीकरणाचं काम आलं. एका शाळेच्या जुन्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात आर्किटेक्टचं नाव होतं : अँगस टॉरन्स. मी पाटणकर सरांच्या केबिनमध्ये गेले आणि हे काम मला द्या म्हटलं.

"का?" सरांनी विचारलं.

"साइट इंजिनिअर माझे बाबा होते."

"मग तर तू मुळीच तपासू नयेस."

"बाबा कंत्राटदाराकडे होते. त्यांच्या कामात चूक असेल तर ती मला दिसायला हवी. नसेल तरी दिसायला हवी."

सरांनी चष्मा पुसला. "हे तू कन्सल्टंटलाही सांगायचंस," ते म्हणाले. मी तिथूनच ईमेल पाठवली. उत्तर एका ओळीचं आलं : हरकत नाही, सोबत गरम कपडे आणावेत.

सल्ला बरोबर होता. फेब्रुवारीत कुवेतमध्ये सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी तो कमरेला बांधून फिरावं लागतं. मुंबईहून विमान चार तासांच्या आत पोहोचतं, घड्याळ अडीच तास मागे घ्यायचं. व्हिसा कन्सल्टंटने पाठवला होता. स्वतःच्या हिंमतीवर जाणाऱ्यांनी तिथल्या ओळखीच्या माणसाकरवी व्हिजिट व्हिसा काढावा आणि त्याची मूळ प्रत विमानतळावर मिळणार आहे ना, हे निघण्याआधी दोनदा विचारून घ्यावं. एक दिनार म्हणजे साधारण दीडशे रुपये. दर वेळी मनात गुणाकार केला तर चहासुद्धा घशाखाली उतरत नाही, तेव्हा पहिल्या दिवशीच ते थांबवावं.

मी शुक्रवारी पोहोचले. तिथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते, त्यामुळे रस्ते रिकामे होते. विमानतळ ते रिग्गई टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटं. मुक्काम शैलाकाकूंकडे होता. त्या मूळ नाशिकच्या, आईच्या मैत्रीण. काका अहमदीला तेल कंपनीत आहेत.

"चौथीत होतीस, शेवटचं पाहिलं तेव्हा," काकू दारातच म्हणाल्या. "तेव्हाही अशीच गप्प."

त्यांची मुलगी सई बारावीला आहे. काकू तिच्याशी मराठीत बोलतात, ती उत्तर इंग्रजीत देते, आणि दोघींनाही त्यात काही वेगळं वाटत नाही.

"सई, ताईला पाणी दे."

"मम्मी, शी जस्ट केम. लेट हर सिट."

पाणी मात्र तिने आणलं.

टॉरन्सबद्दल इथेच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे आहे. तो स्कॉटलंडमधल्या डंडीचा. वडील गोदीत सुतार. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन आर्किटेक्ट झाला आणि पन्नासच्या दशकात, कुवेतची जुनी मातीची घरं पाडून नवं शहर आखलं जात होतं तेव्हा, कनिष्ठ म्हणून इथे आला. छोटे दवाखाने आणि शाळा आखल्या. मग मायदेशी परतून कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी उंच इमारती बांधल्या. त्यांची सपाट छतं गळू लागली, भिंतींना बुरशी आली, आणि त्याच्या हयातीतच त्या सुरुंग लावून पाडल्या गेल्या. लोक टाळ्या वाजवायला जमले होते म्हणे. तिकडे काम मिळेना, म्हणून सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो पुन्हा कुवेतला आला. रिग्गईची शाळा हे त्याचं शेवटचं काम. तीन वर्षांपूर्वी तो वारला.

एवढं छापील माहितीतून कळतं. बाबांकडून कळलेलं वेगळं होतं. टॉरन्सचा एक रिवाज होता. स्लॅबचे टेकू काढायच्या दिवशी तो स्लॅबखाली जाऊन उभा राहायचा. मजूर एकेक टेकू ठोकून सैल करत आणि तो मध्यभागी खिशात हात घालून वर बघत राही. "मुलं इथे बसणार आहेत, मिस्टर देवरे," असं बाबांना म्हणायचा, आणि बाबांनाही नाइलाजाने शेजारी उभं राहावं लागायचं.

रिग्गईचा छज्जा त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात धाडसी काम. घराची बाल्कनी भिंतीतून चार फूट पुढे येते. हा वीस फूट पुढे येतो, शाळेच्या पूर्ण लांबीभर, आणि ड्रॉइंगप्रमाणे खाली एकही खांब नाही. असा स्लॅब भिंतीशी वरच्या बाजूने ताणला जातो, त्यामुळे तिथलं वरचं काँक्रीट चांगलं असावं लागतं. घर बांधलेल्या कोणालाही माहीत आहे की स्लॅब टाकल्यावर त्यावर आळी करून पाणी साठवतात, दिवसातून चार वेळा पाणी मारतात. त्या पाण्याविना सिमेंट कोरडंच राहतं आणि त्याची ताकद येत नाही. कुवेतच्या ऑगस्टमध्ये तर तासातासाला बघावं लागतं.

आई आणि मी त्या सुट्टीत नाशिकला होतो. बाबा एकटे होते. ते बगदाद आणि जॉर्डनमार्गे परत आले ते एका पिशवीनिशी. पुढची पंधरा वर्षं त्यांनी त्या प्रवासाबद्दल फारसं सांगितलं नाही. विचारलं की एवढंच म्हणत, "स्लॅबला पाणी कोणी मारलं असेल?"

शनिवारी सकाळी लवकर साइटवर गेले. कुवेतमध्ये बांधकामाची सगळी पाहणी सकाळी होते. उन्हाळ्याने लावलेली सवय आहे, ती हिवाळ्यातही सुटत नाही. कन्सल्टंटचे इंजिनिअर मुस्तफासाहेब गेटवर चहाचा कागदी कप घेऊन उभे होते. ते कैरोचे, वीस वर्षं कुवेतमध्ये. इंग्रजीत हिंदी मिसळून बोलतात आणि इंजिनिअर बाईला अरबीत मुहंदिसा म्हणतात.

"या मुहंदिसा, आपल्या वडिलांचा छज्जा बघा!"

मी बघितला. छायाचित्रात कळत नाही तो किती पातळ आहे. कडेला तर हाताच्या वितीएवढा. शाळा भरायची वेळ होती. मुलं बसमधून उतरून सरळ त्याच्या सावलीत जात होती, दप्तरं टाकत होती, भिंतीला टेकून डबे आधीच उघडत होती. आणि पुढच्या कडेखाली चार चौकोनी, जाडजूड, कसलीही शोभा नसलेले खांब.

"काय विद्रूप आहेत!" मुस्तफासाहेब म्हणाले. "म्हातारपणी घाबरला तुमचा स्कॉटिश. ड्रॉइंगमध्ये नाहीत, नंतर घुसडले. शाळेच्या मालकांना मूळ रूप परत हवंय. आणि हे खांब काही उचलतही नाहीत. दाखवतो."

ते स्टुलावर चढले, खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढलं आणि खांबाचं डोकं नि छज्ज्याची खालची बाजू यांच्यामधल्या फटीत सरकवलं. कार्ड सहज आत गेलं. शेजारी उभ्या मुख्याध्यापिका हसल्या.

"कार्ड गेलं, म्हणजे खांबावर भार नाही. खल्लास."

मी माझ्याकडच्या पातळ पट्ट्यांनी चारही फटी मोजल्या. स्कूटरचा मेकॅनिक प्लगची फट मोजतो त्याच पट्ट्या. चारही खांब मोकळे होते. छज्जा स्वतःच्या ताकदीवर उभा होता. खालून हातोडीने ठोकून पाहिलं, आवाज खणखणीत आला.

मधल्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या दुकानातून फोनचं कार्ड घेऊन नाशिकला फोन लावला.

"बाबा, स्लॅब चांगला आहे. स्वतःवर उभा आहे."

त्यांनी ते मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग, "असं कसं होईल?"

"मोजलंय मी."

"पाणी कोणी मारलं?"

"माहीत नाही. पण उभा आहे."

"बरं," बाबा म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नव्हता. मला तेव्हा त्यांचा थोडा राग आला.

मुस्तफासाहेब दुपारच्या नमाजाला गेले. मी छज्ज्याखालच्या ओट्यावर बसून हरभऱ्याचे फलाफल वडे आणि खुबूस रोटी खाल्ली. रिग्गईच्या कोणत्याही बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, हे पाव दिनारच्या आत मिळतं आणि पोट भरतं. रिपोर्टचं पहिलं वाक्य मनात तयार होतं : सदर खांब कोणताही भार घेत नाहीत. मुस्तफासाहेब परतले, आणि कार्ड तिसऱ्या खांबावर राहिलंय हे त्यांच्या लक्षात आलं.

"शेवटचंच होतं," म्हणत ते स्टुलावर चढले. ओढलं. कार्ड येईना. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा अर्धं हातात आलं. त्यावर त्यांचं नाव होतं, हुद्दा आत अडकला होता.

ते हसत खाली उतरले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले.

मी वर चढले. सगळ्यात पातळ पट्टी घेतली. चारांपैकी एकाही फटीत ती शिरली नाही.

कारण साधं आहे. छज्ज्याच्या वर काळं डांबरी आवरण आहे. दुपारच्या उन्हात वरची बाजू तापून पसरते, खालची सावलीत थंड राहते, आणि पुढची कड खाली झुकते. सकाळी मोकळा असलेला छज्जा दुपारी खांबांवर टेकतो. फेब्रुवारीत दुपारी, तर जुलैत बहुधा सकाळपासूनच. आमच्या सगळ्यांच्या पाहण्या सकाळच्या. त्याआधी दोन वेळा पाहणी झाली होती, तीही सकाळी.

टेकणं हा दोष नाही, हे इथे स्पष्ट करते. धडधाकट छज्जाही उन्हाने झुकतो. पण 'खांब कधीच भार घेत नाहीत' हे वाक्य खोटं ठरलं, आणि सगळी योजना त्या वाक्यावर उभी होती.

"वरचं आवरण भिंतीजवळ उघडायला हवं," मी म्हटलं.

"ते खर्चात नाही."

"मग माझी सहीही नाही."

मुस्तफासाहेबांनी अर्धं कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं. "मुहंदिसा," ते म्हणाले, "तुम्ही दिसता त्याहून वाईट आहात." पण रविवारी सकाळी दोन माणसं आणि कटर हजर होतं.

आवरणाखाली, भिंतीला लागून, छज्ज्याच्या पूर्ण लांबीभर भेग होती. नाणं उभं शिरेल एवढी. तिच्या कडेचं काँक्रीट मी किल्लीने खरवडलं. पिठासारखं निघालं. खालून खणखणीत आणि वरून पीठ. तळाला लाकडी साच्यात ओलावा टिकतो, वर उन्हात टिकत नाही. पाणी न मारलेला स्लॅब असाच दिसतो. पुस्तकात फोटो असतात, पण मी पहिल्यांदा हाताने बघत होते.

मुस्तफासाहेबांनी उकिडवं बसून ती भुकटी बोटांनी चोळून बघितली. खाली मधली सुट्टी झाली होती. तो आवाज आम्हाला पायांखालून ऐकू येत होता.

"अल्हम्दुलिल्लाह," ते म्हणाले. "खांब आहेत."

मला वाटलेली पहिली गोष्ट तीच होती. दुसरी ही, की आता बाबांना काय सांगायचं.

काकूंना रात्रीच्या जेवणाला मी एवढंच म्हटलं की, खांब कोणी आणि का घातले हे सांगणारा माणूस हवा. काकू पोळी लाटताना थांबल्या नाहीत. "इस्माईलचाचा. रत्नागिरीकडचे. टेकू आणि पाइप भाड्याने देतात, अर्दियात यार्ड आहे त्यांचं. नव्वदमध्ये ते इथेच होते, गेले नाहीत."

"फोन करून जा," काका म्हणाले. "आणि उपाशी जा. जेवल्याशिवाय सोडत नाहीत."

अर्दियाचा गोदामांचा भाग प्रवासी बघायला जात नाहीत, आणि खरंच बघण्यासारखं काही नाही. टॅक्सीला एक दिनार पडला. एका पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी टेकूंचे ढीग आणि ढिगांमध्ये एक सोफा, त्यावर पांढऱ्या दाढीचे चाचा.

"काय गो, देवऱ्यांची मुलगी तू? बापासारखी सरळ नाकाची. तो काय करतो आता?"

"निवृत्त झाले. नाशिकला असतात."

"बरा गेला हां तो. मी ऱ्हायलो. बायको गावाला, पोरं गावाला, पण हा माल सोडून कुठं जाणार? पाच हजार पाइप काय डोक्यावर घेऊन जाऊ जॉर्डनला?"

मासळीचं कालवण आणि भात आला. खाताखाता मी छज्ज्याचं विचारलं. ते सरसावून बसले.

"त्याखाली टेकू माझेच होते. टेकूंचा सगळा रान. ऑक्टोबरात म्हटलं, काढून आणू, नायतर सैनिक नेतील. त्यांनी शाळेचे नळ नेलेनी, पंखे नेलेनी, संडासाचे दरवाजेसुद्धा नेलेनी. ट्रक घेऊन गेलो. पहिल्या टेकूला हातोडा घातला, तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगीत चौथ्या मजल्यावर खिडकी उघडली. आणि एक गोरा हात. असा." चाचांनी हात जोरजोरात हलवला. "नको, नको. मी घाबरलो. तेव्हा गोरे सगळे लपलेले. सापडला की पकडून न्यायचे बगदादला. आणि हा खिडकीतून हात हालवतोय!"

"टॉरन्स?"

"दुसरा कोण? मी धावत वर गेलो. म्हटलं, साहेब, मरायचंय काय? म्हातारा घामाने भिजलेला, दाढी वाढलेली. मला म्हणतो, टेकू राहू देत. म्हटलं, साहेब, टेकू माझे आहेत. म्हणतो, स्लॅबला पाणी मिळालेलं नाही. मी इथून रोज बघतोय, रोज पांढरा होतोय. टेकू काढलेस तर तो खाली येईल."

"मग?"

"मग काय! सगळे देश सोडून गेले तरी माझ्या मालासाठी मी राहिलो, आणि हा म्हातारा एका स्लॅबसाठी मान बाहेर काढतो. दोघंही येडे. ठेवले टेकू. वर त्याला डाळभात नेऊन द्यायला लागला तो वेगळा. बोंबील मात्र खायचा नाय हां. वासाने पळायचा."

डिसेंबरात परदेशी लोकांना सोडलं तेव्हा टॉरन्स गेला. पुढच्या वर्षी, तेलविहिरी जळत होत्या आणि भरदुपारी गाड्या दिवे लावून चालत होत्या तेव्हा, तो परत आला. टेकू तिथेच होते. त्याने भिंतीजवळ फोडून बघितलं आणि स्वतःच्या हाताने चार खांबांचं ड्रॉइंग काढलं. खांब उभे राहिल्यावर चाचांचे टेकू सोडवले.

"सोडवताना साहेब मधोमध जाऊन उभा. मला बोलावलान. म्हटलं, मी नाय येणार, मी बायकापोरांचा माणूस."

"फट का ठेवली, विचारलंत?"

"विचारलं ना. म्हटलं, खांब घालतोस तर नीट टेकव तरी. तर म्हणतो, तो दमेल तेव्हा टेकेल."

हे इंजिनिअरिंगच्या दृष्टीने बरोबर आहे. खांब घट्ट चिकटवले असते तर गारठ्यात छज्जा वर उचलला जाताना उलट दिशेने चिरला असता. फट मोजूनमापून ठेवलेली होती.

मग मी विचारलं, हे त्याने कुठेच नोंदवलं कसं नाही? व्यवसायातले लोक त्याला भित्रा म्हणाले.

चाचांनी बोटं चाटली. "कारण लिहिलान असता तर काय झालं असतं? मालक म्हणणार, काम कोणाचं? कंत्राटदाराचं. कंत्राटदार म्हणणार, इंजिनिअर कोण? देवरे. पाणी का नाय मारलंस? आता रणगाड्यासमोर नळी धरून उभा राहणार होता काय तुझा बाप? पण कागदावर ते दिसत नाय. साहेब म्हणाला, खांबांना नावं ठेवतील तर मला ठेवतील. मला सवय आहे."

हे चाचांचं म्हणणं. त्याला पुरावा नाही. चौथ्या मजल्यावरची खिडकी मात्र मी परतताना बघितली. तिथून छज्ज्याची वरची बाजू पूर्ण दिसत असणार.

मंगळवारी शाळेच्या मालकांसमोर बैठक झाली. टेबलावर खांब नसलेल्या छज्ज्याचं मोठं रंगीत चित्र होतं, खाली हिरवळ आणि हसणारी मुलं. मी भेगेचे फोटो ठेवले. खांब काढले तर छज्जा त्याच दिवशी पडेल असं मी म्हटलं नाही, कारण तसं मला माहीत नाही. खांबांशिवाय त्याखाली मुलं बसवायला मी सही करणार नाही, एवढं म्हटलं.

मालक मुस्तफासाहेबांकडे वळले. "तुम्हीच म्हणाला होता ना, हे खांब काही उचलत नाहीत?"

मुस्तफासाहेबांनी खिशातून अर्धं कार्ड काढून त्या चित्रावर ठेवलं. "मी सकाळी म्हणालो होतो," ते म्हणाले. "बाकीचा मी अजून तिथेच अडकलेला आहे."

आधी मालक हसले, मग सगळेच. खांब राहणार, भेग दुरुस्त होणार, आणि उन्हाळा यायच्या आत वर पांढरं परावर्तक आवरण येणार. बैठक संपली तेव्हा माझे खांदे दुखत होते. चार दिवस मी ते आवळून धरले होते, हे तेव्हा कळलं.

गुरुवारी सुट्टी. सकाळी शुवैखच्या बाजूने समुद्रावर गेलो, मग जुन्या बाजारात. मासळीबाजार नक्की बघा, पण लवकर जा आणि भाव करायची लाज बाळगू नका. दुपारी काकांनी मचबूस खायला नेलं. मसाल्यात शिजवलेला भात आणि मटण, एका परातीत तिघांचं जेवण. सईने तक्रार केली, "बाबा, यू ऑलवेज ऑर्डर टू मच," आणि निम्मं तिनेच संपवलं. वाटेत टॉरन्सने पन्नासच्या दशकात आखलेल्या दवाखान्यांपैकी एक लागला. आता तिथे फर्निचरचं गोदाम आहे. रुंद व्हरांडा अजून आहे आणि त्यात दोन चौकीदार डुलक्या घेत होते. सावली चांगली पडली होती.

शुक्रवारी निघाले. पुण्याला जाण्याआधी दोन दिवस नाशिकला गेले.

बाबा बाल्कनीत बसले होते. आधी भेगेबद्दल सांगितलं, मग पिठाबद्दल. फोनवर चुकीचं सांगितलं होतं, हेही सांगितलं. ते मान डोलावत राहिले, जणू जुन्या आजाराचा अहवाल ऐकत होते. मग टेकूंबद्दल सांगितलं, आणि त्या खिडकीबद्दल.

"म्हणजे टेकू काढले नाहीत," ते म्हणाले.

"नाही."

"आठ महिने?"

"नवीन खांब होईपर्यंत."

"आणि म्हातारा वरून बघत होता."

"रोज."

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "माझ्या डोक्यात तो पंधरा वर्षं एकटाच होता गं," ते म्हणाले. "तो स्लॅब." मग उठून आत गेले आणि आईला विचारलं की आज जेवायला काय आहे. आई मला नंतर म्हणाली, जेवणाचं त्यांनी स्वतःहून कधी विचारल्याचं तिला आठवत नाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर प्रवासातून फार काही आणलं नाही. खजूर आणले, ते संपले. खिशात हात घालून स्लॅबखाली उभा राहणारा माणूस मला आधी नाटकी वाटायचा. आता वाटत नाही. ज्याच्या इमारती टाळ्या वाजवत पाडल्या गेल्या, त्याने शेवटच्या कामात स्वतःच्या हाताने कुरूपता घातली आणि ती चांगली घातली. एखाद्या कामाला सही नाकारणं मला आता जास्त सोपं जाईल असं वाटतं.

एक काम उरलं आहे. भेग थांबलेली आहे की अजून वाढते आहे, हे रिपोर्टमध्ये लिहायचं आहे, आणि त्यासाठी छज्ज्याची पुढची कड वर्षागणिक किती झुकली ते कळायला हवं. १९९२ नंतर या शाळेत बरीच मराठी मुलं शिकली. वर्गाचे ग्रुप फोटो दर वर्षी त्याच अंगणात, छज्ज्यासमोर काढले जात. शाळेचं नाव इथे देत नाही, रिग्गईत राहिलेल्यांना ती ओळखू येईल. तुमच्याकडे असा फोटो असेल आणि त्यात छज्ज्याची कड व मागच्या खिडक्या दिसत असतील, तर त्याची स्कॅन केलेली प्रत आणि फोटोचं वर्ष मला हवं आहे. मुलांचे चेहरे झाकले तरी चालतील. कृपया खाली प्रतिक्रियेत कळवा, मी संपर्क करीन. रिपोर्ट त्यानंतर जाणार आहे, म्हणून उत्तर रविवार, २६ मार्चपर्यंत द्यावं.